निवडुंगाचा हिरवा

जून लागला की अॅरिझोनातल्या, फिनिक्सला लागून असलेल्या आमच्या चँडलरमधली माणसं घरात दडी मारतात. गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं म्हणून काही जण स्वयंपाकघरातले जाड हातमोजे गाडीतच ठेवतात. गार पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी येतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज दुपारी कुणीतरी गाडीतल्या तापमानाचा फोटो टाकतं आणि त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. मी कधी रडका चेहरा टाकत नाही. मी नागपूरची आहे. भर मे महिन्यात ओढणीने डोकं बांधून, पर्समध्ये कांदा टाकून सायकलवर कॉलेजला गेलेली बाई. उन्हाने माझ्या नादाला लागू नये.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, पुण्याचा. त्याला मार्चमध्येच उकडायला लागतं, आणि "उकडतंय" हे तो अशा सुरात म्हणतो की ऊन जणू मीच माहेरून आणलं आहे. तो इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. चिप म्हणजे मुळात वाळूच. शुद्ध करकरून तिचा आरसा केलेला. त्यामुळे आमच्या घरात वाळूला नावं ठेवायची सोय नाही, आमचं पोट तिच्यावर आहे.

यंदाचा जून लागला तेव्हा मी बऱ्याच दिवसांनी आमचा जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला. गार्गी, आमची एकुलती एक लेक, येणार होती, आणि आल्या आल्या ती काय उघडणार हे मला माहीत होतं. आमचं जग उघडलं. तिथेही वाळवंट, तिथेही डोक्यावर सूर्य, फक्त तो चौकोनी. आणि मधोमध आमचं काचेचं घर, जसं बांधलं होतं तसं उभं. पोपटी भिंत, राणी रंगाची भिंत, चिंतामणी रंगाचं छप्पर. तिथे धूळ बसत नाही, हे मला फार आवडतं. मी दारात उभी राहिले आणि तो सगळा उन्हाळा अंगावर चालून आला, गार्गी एकवीस वर्षांची व्हायची होती तो.

गेमचं नाव सांगत नाही. ज्यांच्या घरात गेल्या पंधरा वर्षांत मूल वाढलं त्यांना ते कळलंच असेल. त्यात सगळं ठोकळ्यांचं असतं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, मेंढीसुद्धा ठोकळ्याचीच. खणायचं, तोडायचं, भाजायचं, बांधायचं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गार्गीने मला तो शिकवला तेव्हा ती चौथीत होती आणि मला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला लोंबकळत आलेल्या बायकांना ती नसायची. रसायनशास्त्रात एमएससी केलेली बाई दिवसभर घरात, आणि भांडी घासून घासून किती घासणार? पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून म्हणायची, "आई, कम प्ले," आणि मी पदर खोचून बसायचे. घातलेली जीन्स असायची, पण बसणं पदर खोचल्यासारखंच.

"हे चार लोकांत सांगत बसू नकोस," मिलिंद म्हणाला होता. मी चार लोकांतच सांगितलं. आमच्या मंडळात नंदाकाकू आहेत, सगळ्यांत आधी इथे आलेल्या, नागरिकत्व घेऊन जुन्या झालेल्या, आणि सल्ल्याच्या बाबतीत हात अतिशय सैल. त्या म्हणाल्या, "अगं वैशाली, या वयात व्हिडिओ गेम?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही या वयात रोज तीन सिरियल बघता, त्यात तर काही बांधूनसुद्धा होत नाही."

मला त्या गेममध्ये सगळ्यांत आवडायची ती काच. काच वाळूपासून होते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण पुस्तकात वाचणं निराळं आणि स्वतः फावडं घेऊन वाळू खणणं निराळं. वाळू भट्टीत टाकायची, खाली कोळसा घालायचा आणि थांबायचं. भट्टी धगधगते, बारीक तडतड आवाज येतो, आणि एकेक पिवळा ठोकळा आरपार दिसणारा होऊन बाहेर पडतो. मग रंग. लाल हवा तर खसखशीचं फूल नाहीतर बीट. पिवळ्याला सूर्यफूल. निळ्याला जमिनीखालचा दगड. ते जग हिरव्या गवताने, हिरव्या झाडांनी नुसतं ओसंडत असतं, पण त्यातल्या एकाचाही हिरवा रंग निघत नाही. हिरवा हवा असेल तर वाळवंटात जायचं, निवडुंग तोडायचा आणि तो भट्टीत भाजायचा. हे ज्याने ठरवलं तो माणूस मला मनापासून पटला.

रंगवायची रीत अशी की मधल्या घरात रंग ठेवायचा आणि भोवतीच्या आठ घरांत काचा, मसाल्याच्या डब्यात मधल्या वाटीभोवती बाकीच्या वाट्या असतात तशा. एका रंगात आठही काचा रंगून निघतात. एकदा रंगलेली काच पुन्हा पांढरी होत नाही, दुसऱ्या रंगाचीही होत नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे काच एकदा भिंतीत बसवली की ती काढता येत नाही. काढायला गेलं की खळ्ळकन फुटते आणि हातात काहीच येत नाही. लाकूड परत मिळतं, दगड परत मिळतो, काच नाही.

म्हणून मी काच बसवायचेच नाही. भाजायची, रंगवायची आणि पेटीत ठेवून द्यायची. पेट्यांवर पेट्या भरल्या. यात मला काही वावगं वाटलं नाही, आम्ही असेच वाढलो. चांगला टी-सेट शोकेसमध्ये, नवी चादर कपाटात, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात या देशात आल्यावर आणखी एक खोड जडली. पहिल्या अपार्टमेंटमध्ये आम्ही भिंतीला एक खिळा ठोकला नाही, डिपॉझिट कापतात म्हणून. गणपतीची तसबीर टेबलावर भिंतीला टेकवलेली. "दोन वर्षांत परत जायचंय" हे त्या काळात प्रत्येक मराठी घरात जेवणाआधीच्या श्लोकासारखं म्हटलं जायचं. मग स्वतःचं घर घेतलं तरी हात हातोडीकडे जायचे नाहीत. तसबीर तशीच टेकवलेली. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे की, काय बिघडतंय.

गार्गी दोन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. हिरव्या कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेत उभे राहिलो, आणि इतकी वर्षं उभे राहिलो की रांग पुढे सरकते ही अफवा वाटायला लागली. या रांगेचा एक कायदा आहे. मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या अर्जात असतं; एकवीस पूर्ण झाली की ते अर्जातून गळतं. मग त्याने आपलं आपण बघायचं. विद्यार्थी म्हणून राहायची वेगळी परवानगी मागायची, ती मिळाली तर मिळाली, नाहीतर देश सोडायचा. कुठला देश सोडायचा? तिला दुसरा देश माहीतच नव्हता. नागपूर तिला ठाऊक ते मावसभावांच्या लग्नांपुरतं. त्या ऑगस्टमध्ये ती एकवीसची होणार होती, अर्ज केलेला होता, आणि वकील फोनवर प्रत्येक वेळी एकच शब्द सांगायचा, "थांबा."

तो उन्हाळा थांबण्याचा होता. कॉलेजला सुट्टी लागली आणि गार्गी घरी आली ती गप्पच होऊन आली. पडदे ओढलेले, एसीची घरघर, मगमध्ये दूध-कॉर्नफ्लेक्स घेऊन पलंगावर. तिच्या मैत्रिणी कुणी सिअॅटलला, कुणी बोस्टनला कामं करत होत्या, हिला कामाची परवानगी नव्हती. फोनवर कुणी विचारलं की हिचं उत्तर, "नथिंग मच." जेवायला हाक मारली तर यायची, वाढलं तेवढं खायची, ताट उचलून ठेवायची. पोरगी भांडत नाही याची आईला भीती वाटते, ती मला वाटली. मला कामाची परवानगी मिळून मी लॅबमध्ये पाणी तपासायचं काम करायला लागले होते तोवर. तिथे पाण्याचे नमुने भरता भरता मी त्या कायद्याला, तो करणाऱ्यांना आणि रांगेला शुद्ध नागपुरी शिव्या मोजायचे. तेवढ्यानेच दिवस निघायचा.

आणि जो भेटेल तो सांगायचा, आता काही करू नका. आम्ही त्या वर्षी घराला आतून रंग द्यायचं ठरवलं होतं. नंदाकाकू सुरळीच्या वड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रंगबिंग राहू द्या आता. बघा आधी काय होतंय ते." वड्या उत्तम होत्या. सल्ला मात्र माझ्या घशात अडकला. मनात आलं, आम्ही इतकी वर्षं आधी काय होतंय ते बघतोच आहोत की.

एका दुपारी मी कामावरून आले तर गार्गीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ती जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलेली. पडद्यावर आमचं जग. ती माझ्या पेट्या उघडून बघत होती. एक उघडली, काच. दुसरी उघडली, काच. तिसरी.

"आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हू आर यू सेव्हिंग ऑल धिस फॉर?"

"असू दे. लागेल कधीतरी."

"कधी? लाइक, फॉर गेस्ट्स? नोबडी कम्स हिअर. इट्स जस्ट अस."

"बसवली की काढता येत नाही ना गं."

"सो? वाळू संपली का?" असं म्हणून तिने खिडकीकडे हात केला. पडद्यापलीकडे आमचं अंगण होतं, खडी आणि वाळू, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे पुन्हा वाळू. मला एकदम हसूच फुटलं. ती हसली नाही, पण तिने खुर्ची थोडी सरकवली. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून शेजारी बसले.

जागेवरून पहिलं भांडण झालं आणि मला बरं वाटलं. तिला तळ्याकाठी बांधायचं होतं, फुलं आहेत, मेंढ्या आहेत. मी म्हटलं, वाळवंटात बांधायचं. "आई, देअर इज नथिंग देअर." मी म्हटलं, वाळू तिथली, निवडुंग तिथला, मग घर दुसरीकडे का? जिथे भाजलो तिथेच राहू. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ओके, दॅट्स काइंड ऑफ बॅडअॅस." या शब्दाचा अर्थ मी विचारला नाही, सुरावरून कळला.

मिलिंद संध्याकाळी आला आणि त्याने नेटवर वाचून काढलं. त्याचं सगळं वाचून असतं. "एक मंतरलेली कुदळ मिळते त्या गेममध्ये," तो म्हणाला, "तिने काढली तर काच सबंध निघते. आधी ती करून घ्या. म्हणजे उद्या बदलायचं झालं तर नुकसान नाही." बोलणं अगदी बिनतोड होतं. माझ्या कानशिलाची शीर तट्कन उडाली.

"नाही करायची," मी म्हटलं.

"अगं, पण सोय म्हणून..."

"सोयच नको. काढायची सोय ठेवून बसवली तर ती बसवलीच नाही. तसबीर बघ तिकडे, अजून टेकवलेली आहे. घर आपलं झालं तरी टेकवलेलीच आहे. मी नाही आता टेकवून ठेवणार काही."

मी गेमबद्दल बोलत होते, पण माझा आवाज गेमच्या मानाने फारच चढला होता. मिलिंदने चष्मा काढून पुसला. आणि गार्गी हसली. त्या उन्हाळ्यातलं ते तिचं पहिलं हसणं. "बाबा, यू शुड रन," ती म्हणाली.

मग बांधकाम निघालं. दुपारी तिची, संध्याकाळी दोघींची पाळी. ती निवडुंग तोडायची, मी भट्ट्या सांभाळायचे. ओळीने भट्ट्या मांडल्या होत्या आणि एकीत वाळू, एकीत निवडुंग असं चाललेलं. बाहेर खरं ऊन तापलेलं, पारवे फांदीच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेले, आणि आत आम्ही दोघी भट्टी पेटवून! रंगांच्या नावांवरून रोज जुंपायची. हिरव्यात पांढरा मिसळला की ती म्हणायची लाइम, मी म्हणायचे पोपटी. तिची मजेंटा ती माझी राणी. तिच्या डार्क ब्लूला मी चिंतामणी म्हटलं, आणि हा साड्यांमधला रंग आहे हे सांगताना कपाटातून साडीच आणून पडद्याला लावली. तिने साडी आणि पडदा यांच्याकडे आळीपाळीने बघितलं. "इट्स नॉट द सेम," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण जवळ आहे."

काच बसवताना ठक् असा कोरडा आवाज होतो. लहानपणी चैत्रात आमच्याकडे कासार यायचा, आईच्या हातात हिरव्या बांगड्या भरायचा, तेव्हा बांगडीवर बांगडी टेकताना असाच पण नाजूक आवाज व्हायचा. हाताची बोटं मुडपून, अंगठा आत दाबून बांगडी चढवायची. दुखायचं. फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, आणि तुकडे आम्ही पोरी गोळा करून ठेवायचो. लोक भित्र्या माणसाला विचारतात, हातात बांगड्या भरल्यात का? मला हे कधी कळलं नाही. मनगटावर दिवसभर काच घालून धुणी धुणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, पोरं उचलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. भित्र्या माणसाने एक दिवस घालून दाखवाव्यात.

मी चुकायचे. एक काच भलतीकडे बसायची, फोडावी लागायची. पहिल्यांदा फुटली तेव्हा माझा जीव हळहळला. दहाव्यांदा फुटली तेव्हा मी नुसती भट्टीकडे वळले. एका संध्याकाळी त्या गेममधला एक बिनहातांचा हिरवा राक्षस आमच्या मागे येऊन फुस्स करून फुटला आणि त्याच्याबरोबर अख्खी पूर्वेची भिंत गेली. मिलिंद मागे उभा होता. "राक्षस बंद करायचं सेटिंग असतं," तो हळूच म्हणाला. गार्गी आणि मी एकदमच म्हटलं, "नको." ती भिंत आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली, आधी पोपटी होती, पुन्हा पोपटीच बांधली.

एका गोष्टीवर मात्र मी त्या गेमवर अजून रुसलेली आहे. एवढ्या रंगीत काचा लावल्या, सूर्य डोक्यावर, आणि जमिनीवर रंग पडतच नाही. ऊन आत येतं ते पांढरंच. "द गेम डझन्ट डू दॅट," गार्गी म्हणाली. असा कसा करत नाही? वाळूची काच करता येते, निवडुंगातून हिरवा काढता येतो, मग फरशीवर चार रंग पाडायला काय झालं होतं? पण आत उभं राहून बाहेर बघितलं तर सगळं वाळवंट राणी रंगाचं दिसायचं, दुसऱ्या भिंतीतून पोपटी. तेवढ्यावर मी समाधान मानून घेतलं.

जुलैत धुळीचं वादळ आलं. फोन ठणाणा वाजले, दक्षिणेकडून धुळीची भिंत चालत आली आणि घरांच्या, रस्त्यांच्या, गाड्यांच्या रंगात आभाळही बुडालं. इथे घरांना बाहेरून मातकट रंगच द्यावा लागतो, कॉलनीची यादी ठरलेली असते. गार्गी खिडकीला नाक लावून उभी होती. "आता आभाळपण बेज," ती म्हणाली. मी त्याच शनिवारी मोरपंखी रंगाचा डबा आणला. आतल्या भिंतींवर कॉलनीचं राज्य नाही.

"कुठे लावणार?" तिने विचारलं.

"तुझ्या खोलीत."

"आई." ती पलंगावर बसली. "व्हॉट इफ आय हॅव टू गो? देन व्हॉट?"

"तर जाशील. भिंत मोरपंखी राहील."

ती रडली. मीही रडले, आणि रडता रडता पलंग भिंतीपासून ओढला, कारण डोळे वाळायच्या आत रंग लावायचा असतो हे मी मनाने ठरवूनच टाकलं होतं. मिलिंदने कडांना निळी टेप इतकी सरळ लावली की बघत राहावं. त्याने त्या दिवशी एकदाही काही विचारलं नाही. संध्याकाळी तो हातोडी घेऊन दिवाणखान्यात गेला आणि खिळा ठोकल्याचा आवाज आला. पुण्याची माणसं उशिरा ऐकतात, पण ऐकतात.

नंदाकाकूंनी भिंत पाहिली. "चांगला आहे हो रंग," त्या म्हणाल्या, "पण अजून काही कळलं नाही ना?" नाही म्हटलं. "पोरीला जरा गुंतवून ठेवतेस ते बरं करतेस." मी म्हटलं, "गुंतवत नाही काकू, आम्ही घर बांधतोय." वेड लागलेल्या बाईकडे बघतात तशा माझ्याकडे बघत त्या गाडीकडे गेल्या. त्यांचं मन वाईट नाही. त्यांची मुलं इथे जन्मली, त्यांना एकवीस म्हणजे केक.

वाढदिवसाच्या थोडं आधी परवानगी आली. विद्यार्थिनी म्हणून. फोन ठेवून मिलिंद जमिनीवरच बसला. मी शिरा केला. पण हे असं निघालं की ज्या गावात पोरगी शाळेच्या बसने फिरली तिथेच ती आता परदेशी विद्यार्थिनी झाली. विद्यापीठाने तिला परदेशी मुलांच्या स्वागताला बोलावलं. मोठ्या हॉलमध्ये एका प्रेमळ बाईने सगळ्यांना सांगितलं की अॅरिझोनात फार ऊन असतं, पाण्याची बाटली जवळ ठेवा, निवडुंगाला हात लावू नका. शेजारी नाशिकहून आलेली एक मुलगी होती, तिने मराठीत विचारलं, "तुला येऊन किती दिवस झाले?" गार्गी म्हणाली, "एकोणीस वर्षं." घरी येऊन हे सांगताना ती पोट धरून हसत होती, आणि मग पोट तसंच धरून दुसरं काहीतरी व्हायला लागलं. मी तिला जवळ घेतलं. त्या प्रेमळ बाईचा काही दोष नव्हता, आणि म्हणूनच मला कुणावर ओरडताही येईना.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण ते त्या उन्हाळ्यातलं नाही. तिचं शिक्षण संपलं, नोकरी लागली. नोकरीच्या व्हिसासाठी इथे नावं सोडतीत टाकतात, फ्लॅटची सोडत निघते तशी. तिचं नाव निघालं नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा नाही. गेल्या हिवाळ्यात कंपनीने तिला कॅनडात, कॅलगरीच्या ऑफिसात पाठवलं. नंदाकाकूंचा सल्ला हजर होताच, "आता एवढं घर काय करायचंय दोघांना? विका, लहान घ्या." मी म्हटलं, काकू, तिची खोली तिची आहे. रविवारी आपापल्या लॅपटॉपवरून आम्ही गेममध्ये भेटतो. तिच्या खिडकीबाहेर बर्फ, माझ्या खिडकीबाहेर खडी, आणि दोघी वाळवंटात नवी खोली काढतोय. तिथे आत यायला कुणी काही विचारत नाही.

या जूनमध्ये तिला पाहुणी म्हणून यायचा व्हिसा मिळाला. आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, अशा वेळी घरोघरी तालीम होते. आमच्या आईवडिलांना आम्ही पढवलं होतं, तसं आता लेकीला पढवायला बसलो. विचारलं तेवढंच बोल. हसू नकोस फार. परतीचं तिकीट हातात ठेव. मिलिंद व्हिडिओ कॉलवर अधिकारी झाला, चष्मा नाकावर ओढून त्याने विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?" उत्तर ठरलेलं होतं, फिरायला, ग्रँड कॅन्यन, दोन आठवडे. आणि एक शब्द चुकूनही तोंडातून काढायचा नव्हता, घर. घर म्हटलं की त्यांना वाटतं ही परत जाणार नाही. मीही पढवलं. नंदाकाकूंनीही फोन करून पढवलं. गार्गी म्हणाली, "येस, येस, आय नो. कॅन्यन."

कॅलगरीहून येणाऱ्यांची तपासणी तिथल्या विमानतळावरच होते, अमेरिकेचा अधिकारी तिथेच बसतो. परवा सकाळी आम्ही दोघं चहा समोर ठेवून बसलो होतो, कुणीच पीत नव्हतं. फोन वाजला. मिलिंदने स्पीकरवर टाकला.

"आई, बाबा, डोन्ट फ्रीक आउट."

"काय झालं?" मी कप बाजूला सारला.

"आय'म थ्रू. गेटवर आहे. बट आय सेड द राँग थिंग."

अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला आणि हसून म्हणाला, जूनमध्ये फिनिक्सला कुणी जात नाही, तू कशाला चाललीस? कॅन्यन अगदी जिभेवर होतं, ती म्हणाली. तिकीट हातात होतं. "आणि मी म्हटलं, आय'म गोइंग होम."

मिलिंदने कपाळावर हात मारला.

"मग?" मी विचारलं.

"ही स्टॉप्ड स्मायलिंग. म्हणाला, यू मीन युअर पेरेंट्स' होम. आय सेड, नो सर. माय होम. तो बघत राहिला, आई. खूप वेळ. मग त्याने शिक्का मारला."

फोनमधून विमानतळाच्या घोषणा ऐकू येत होत्या. मिलिंदने घसा साफ केला. "गार्गी, बाळा, सुटलीस ते नशीब. पण पुढच्या वेळी असं बोलू नकोस हं, प्लीज."

त्याचं बरोबर होतं. रांगा, कायदे, शिक्के यांचा त्याचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा आहे, आणि तिला पढवणाऱ्यांत मीही होतेच. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"गार्गी, ऐक," मी म्हटलं. "पुढच्या वेळीसुद्धा हेच सांगायचं."